जुन्या इलेक्ट्रिक गाडीचा ऑनबोर्ड चार्जर: आधी दोष पक्का करा, मग पान्हा उचला

गाडीला चार्जिंगची गन लावली, दिवा लुकलुकला, रिले टकटकला आणि दोन सेकंदांत सगळं शांत. यानंतर बहुतेक जण एकच करतात: भंगारात गेलेल्या गाडीचा ऑनबोर्ड चार्जर (गाडीतच बसवलेली, एसीचं डीसी करून बॅटरी भरणारी पेटी) मिळवतात, आपला काढतात आणि तो बसवतात. मग दोनांपैकी एक होतं. एक तर दोष जसाच्या तसा राहतो, कारण चार्जर बिघडलेलाच नव्हता. नाहीतर गाडी थोडे दिवस चालते आणि बसवलेला चार्जरही त्याच जागी जळतो, कारण पहिल्याला ज्यानं मारलं ते गाडीतच राहिलेलं असतं.

म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानंच करा. त्यातही पहिला आणि तिसरा गाळण्याचा मोह सर्वांत जास्त होतो, आणि नुकसानही तिथंच होतं.

आधी एक मर्यादा. या गाड्यांच्या बॅटरीत साधारण ३०० ते ४०० व्होल्ट डीसी असतो. तुम्ही याआधी एवढा व्होल्टेज कधी हाताळला नसेल, तर पहिला आणि दुसरा टप्पा स्वतः करा. त्यात हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात लावावा लागत नाही. तिसऱ्यापासून पुढचं काम हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडे द्या. पहिले दोन टप्पे नीट झालेले असतील तर त्याचाही अर्धा वेळ वाचतो.

## टप्पा १: दोष चार्जरचाच आहे हे सिद्ध करा

१.१ फॉल्ट कोड सर्वांत आधी वाचा. १२ व्होल्टची बॅटरी सोडवण्यापूर्वी. ती सोडवली की काही गाड्यांमधली नोंद पुसली जाते आणि तुम्ही आंधळे होता. साधा ओबीडी रीडर बहुतेक वेळा चार्जरच्या कंट्रोलरपर्यंत पोचत नाही, त्या मॉडेलसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर किंवा ॲप लागतं. कोड, त्या वेळचं तापमान, बॅटरीचा व्होल्टेज, सगळ्याचे फोटो काढून ठेवा. कोड लगेच पुसू नका.

१.२ १२ व्होल्टची बॅटरी. हसू नका. चार्जिंग सुरू करण्यासाठी गाडीला कंट्रोलर जागे करायचे असतात, मुख्य कॉन्टॅक्टर (बॅटरी जोडणारे-तोडणारे मोठे रिले) ओढून धरायचे असतात, कूलंटचा पंप चालवायचा असतो. हे सगळं १२ व्होल्टवर चालतं. लेड-ॲसिड बॅटरी काही तास निवांत ठेवल्यावर १२.४ व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर ती आधी बाहेरच्या चार्जरनं पूर्ण भरा, लोड टेस्ट करा आणि मग गाडी पुन्हा गनला लावून बघा. अशक्त बॅटरीमुळे येणारे कोड अनेकदा चार्जरच्याच नावानं येतात. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची नसेल तर सुरुवात इथून करा.

१.३ भिंतीवरचा डबा, केबल आणि गन. भिंतीवरचा डबा चार्जर नसतो. तो गाडीशी बोलून एसी सोडणारा किंवा तोडणारा एक शहाणा स्विच असतो. एसीचं डीसी गाडीतच होतं. त्यामुळे सर्वांत सोपी चाचणी म्हणजे दुसरा डबा आणि दुसरी केबल. गाडी तिथं चार्ज झाली तर पुढचं वाचायची गरज नाही.

दुसरी केबल मिळत नसेल तर मोजमाप करा. केबल पुरवठ्यापासून तोडून, गनमधल्या प्रॉक्सिमिटी पिन (गन लागल्याचं गाडीला कळवणारी पिन) आणि अर्थ पिनमधला रोध मोजा. टाइप २ केबलमध्ये २० अँपिअरसाठी ६८० ओहम आणि ३२ अँपिअरसाठी २२० ओहम मिळायला हवेत. टाइप १ गनमध्ये खटका मोकळा असताना सुमारे १५० आणि दाबल्यावर सुमारे ४८० ओहम. खटका दाबूनही आकडा हलला नाही तर गनमधला छोटा स्विच गेलेला आहे.

पायलट सिग्नल म्हणजे डबा आणि गाडी ज्यावर बोलतात तो. त्याचं गणित असं: गन मोकळी असताना पायलट आणि अर्थमध्ये स्थिर १२ व्होल्ट. गाडीला लावल्यावर वरची पातळी ९ व्होल्टवर येते आणि गाडीनं वीज मागितली की ६ व्होल्टवर. डबा किती करंट देऊ शकतो ते या सिग्नलच्या १ किलोहर्ट्झ स्पंदांच्या रुंदीवरून कळतं. १० टक्के म्हणजे ६ अँपिअर, ५० टक्के म्हणजे ३० अँपिअर.

> सावध: गन लावलेली असताना साध्या मल्टिमीटरवर ९ किंवा ६ व्होल्ट दिसणार नाहीत. सिग्नल उणे १२ व्होल्टपर्यंत खाली जात असतो आणि मीटर सरासरी दाखवतो, ती कित्येकदा उणे येते. उणे आकडा बघून डबा बाद ठरवू नका. पातळ्या बघायला ऑसिलोस्कोप लागतो.

१.४ गाडीवरचं सॉकेट. टॉर्च घेऊन प्रत्येक पिन बघा. तांबूस-काळी छटा, वितळलेलं प्लास्टिक, सैल झालेली स्प्रिंग. जुन्या गाडीत या सॉकेटनं हजारो वेळा गन आत-बाहेर केलेली असते. सैल पिन तापते, संपर्क क्षणभर तुटतो, पुन्हा जुळतो, आणि प्रत्येक झटक्याला चार्जरच्या आतल्या प्रीचार्ज रेझिस्टरवर (सुरुवातीचा करंट रोखणाऱ्या) नवा दणका बसतो. मी स्वतः एका गाडीचा चार्जर बदलला, गाडी दिली आणि काही दिवसांत तीच गाडी त्याच तक्रारीनं परत आली. सॉकेटच्या न्यूट्रल पिनमध्ये बोटभर काळवंडलेली तार होती. ती मी पहिल्या वेळी पाहिलीच नव्हती.

१.५ आता लक्षणं जुळवा.

डीसी फास्ट चार्जिंग व्यवस्थित होतं आणि फक्त एसीवर होत नाही, तर बॅटरी आणि मुख्य कॉन्टॅक्टर यांच्यावरचा संशय बराच कमी होतो. संशय सॉकेट, त्याची केबल आणि ऑनबोर्ड चार्जर यांच्यावर येतो. दोन्ही होत नसेल तर चार्जर काढण्याचा विचारही करू नका, आधी बॅटरी आणि इन्सुलेशनचा दोष शोधा.

गन लावताक्षणी एमसीबी (जास्त करंटला तुटणारा स्विच) पडला, म्हणजे चार्जरच्या इनपुटला ठार शॉर्ट असण्याची शक्यता दाट: ब्रिज रेक्टिफायर किंवा त्यामागचे ट्रान्झिस्टर. आरसीसीबी (करंटची गळती ओळखून तुटणारा स्विच) पडत असेल तर ती गळती आहे: फिल्टरमधला कपॅसिटर, आत शिरलेलं पाणी किंवा कूलंट. पण कधी पडतो ते ऐका. डब्यातला कॉन्टॅक्टर खटकन लागण्याआधीच पडला तर दोष डबा किंवा वायरिंगमध्ये. लागल्यावर पडला तर गाडीच्या बाजूला. गळतीचा कोड असेल तर केबिनचा हीटर आणि एसीचा कॉम्प्रेसर हेही हाय व्होल्टेजवरच असतात, त्यांना एकेक करून वगळा, पण ते तिसरा टप्पा झाल्यावरच.

चार्जिंग दोन-तीन सेकंदांत थांबतं: प्रीचार्ज रेझिस्टर, त्याचा रिले किंवा पीएफसी म्हणजे एसी उचलून सुमारे ४०० व्होल्ट डीसी करणारा भाग. अर्ध्या तासानं थांबतं: कूलंट कमी, हवा अडकलेली किंवा पंप मेलेला. तीन फेजच्या चार्जरवर एक किंवा दोन तृतीयांशच शक्ती मिळते आहे: आतल्या एक-दोन फेजचे भाग बंद पडलेत किंवा पुरवठ्याचीच फेज गेली आहे. पुरवठा आधी मोजा.

तपासणी: कागदावर एका वाक्यात लिहा, "दोष चार्जरमध्ये आहे, कारण..." कारणाच्या जागी एखादं मोजमाप लिहिता आलं नाही तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: साहित्य आणि भाग आधीच जमवा

गाडी अर्धवट उघडून आठवडाभर उभी ठेवली की कनेक्टरमध्ये ओल जाते, बोल्ट हरवतात, होसमधून कूलंट ठिबकत राहतं. म्हणून सगळं हाताशी आल्याशिवाय एक स्क्रूही काढू नका.

त्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल हवं. सर्व्हिस प्लगची (हाय व्होल्टेजचं सर्किट तोडायला हातानं काढायचा प्लग) जागा, तो काढल्यावर थांबण्याचा वेळ आणि बोल्टचे टॉर्क त्यातच असतात. १००० व्होल्टचे क्लास ० रबरी हातमोजे आणि त्यावर घालायचे चामडी हातमोजे, १००० व्होल्ट कॅट ३ मल्टिमीटर, ५०० व्होल्टचा इन्सुलेशन टेस्टर, टॉर्क पान्हा, इन्सुलेटेड हत्यारं, होस चिमटे, योग्य प्रकारचं कूलंट, नवे सील आणि ओ-रिंग, थर्मल पेस्ट. कपॅसिटर रिकामे करण्यासाठी २.२ किलोओहम, ५० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर, त्याला दोन्ही बाजूंनी इन्सुलेटेड प्रोब जोडून.

रबरी हातमोजे दर वेळी मनगटाकडून गुंडाळत हवा कोंडून तपासा. टाचणीएवढं छिद्र असलं तरी फेकून द्या.

वापरलेला चार्जर घेताना "त्याच गाडीचा आहे" एवढ्यावर भागत नाही. पार्ट नंबर अक्षरशः जुळवा. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक मोठा फरक असतो. निसान लीफच्या २०११-१२ च्या मॉडेलमध्ये चार्जर मागच्या सीटमागे आहे. २०१३ पासून तो पुढे बॉनेटखाली, डीसी-डीसी कन्व्हर्टरसह (हाय व्होल्टेजवरून १२ व्होल्टची बॅटरी भरणारा भाग) एका पेटीत गेला. मित्सुबिशी आय-मीव्हमध्येही चार्जर आणि डीसी-डीसी कन्व्हर्टर एकाच पेटीत आहेत, शिवाय त्या पेटीचा फ्यूज मोटार कंट्रोलरच्या पेटीत बसतो. तो उडालेला असेल तर नवा चार्जर बसवूनही गाडी मुकीच राहते. रेनो झोची तर गोष्टच वेगळी. तिथं मोटारच्या गुंडाळ्याच चार्जिंगसाठी वापरल्या जातात आणि पुरवठा व बॅटरी यांच्यात विलगीकरण करणारा ट्रान्सफॉर्मर नसतो. त्या गाडीला हा लेख पाचव्या टप्प्यापासून पुढे लागू होत नाही.

विकत घेण्यापूर्वी विचारा: नवा भाग गाडीच्या क्रमांकाशी जुळवून कोडिंग करावं लागतं का, आणि ते करणारं साधन कोणाकडे आहे? याचं उत्तर काम संपल्यावर शोधणं म्हणजे वरातीमागून घोडं. भाग हातात घेऊन कूलंटच्या तोट्या, कनेक्टरच्या पिना आणि झाकणाची कड बघा. पिनांवर हिरवट-पांढरा थर असेल तर ती गाडी पाण्यात बुडालेली असू शकते. परत ठेवा.

## टप्पा ३: गाडी निर्जीव करा

इथं क्रम हाच जीव वाचवतो.

1. गन काढा. पुरवठ्याचा एमसीबीही बंद करा.
2. बॉनेट, डिकी आणि ज्या दारातून काम करायचं ते दार आधी उघडा. अनेक गाड्यांची डिकी विजेवर उघडते. १२ व्होल्ट गेल्यावर सर्व्हिस प्लग आतच अडकतो आणि मग लोक घाईनं बॅटरी पुन्हा जोडतात.
3. ठरलेल्या वेळेला चार्जिंग किंवा एसी सुरू करण्याची सेटिंग बंद करा. काही गाड्या १२ व्होल्टची बॅटरी भरायला आपोआप जाग्या होतात, हे ध्यानात ठेवा.
4. गाडी पूर्ण बंद करा. चावी दूर, खिशात नव्हे, दुसऱ्या खोलीत.
5. १२ व्होल्टची ऋण तार सोडवून टेपनं गुंडाळा.
6. हातमोजे घालून सर्व्हिस प्लग काढा आणि तो स्वतःच्या खिशात ठेवा. कोणी तरी "मदत" म्हणून परत बसवायला नको.
7. मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. बहुतेक गाड्यांना ५ ते १० मिनिटं दिलेली असतात.
8. चार्जरचा हाय व्होल्टेज कनेक्टर काढून मोजा: धन ते ऋण, धन ते बॉडी, ऋण ते बॉडी.

मोजण्याची पद्धत महत्त्वाची आहे. मीटर आधी माहीत असलेल्या जिवंत स्रोतावर बघा, मग कनेक्टरवर मोजा, मग पुन्हा त्याच स्रोतावर बघा. मधल्या वेळात मीटर किंवा प्रोब गेला असेल तर "शून्य" दिसणारच. डीसीमध्ये सुरक्षिततेची मर्यादा ६० व्होल्ट धरली जाते, मी मात्र आकडा शून्याच्या आसपास येईपर्यंत हातमोजे काढत नाही.

> सावध: सर्व्हिस प्लग काढल्यावरही बॅटरीच्या पेटीच्या आत व्होल्टेज तसाच असतो. आणि चार्जरच्या आतले कपॅसिटर हा स्वतंत्र साठा आहे. कनेक्टरवर शून्य दिसलं म्हणजे आत शून्य आहे असं नाही.

अंगठी, घड्याळ, साखळी काढा. जवळ दुसरा माणूस असू द्या, आणि सर्व्हिस प्लग काढलेला आहे हे त्याला सांगून ठेवा.

## टप्पा ४: चार्जर बाहेर काढा

प्रत्येक कनेक्टर काढण्यापूर्वी फोटो, काढल्यावर चिठ्ठी. हाय व्होल्टेजचे कनेक्टर दोन टप्प्यांत सुटतात: आधी इंटरलॉकचा (कनेक्टर किंवा झाकण उघडलं की हाय व्होल्टेज तोडायला लावणारी सुरक्षा) छोटा संपर्क, मग मुख्य. खटका अर्धा उघडून ओढाताण केली की प्लास्टिक तुटतं, आणि तो कनेक्टर सुटा मिळणं कठीण असतं. मोकळी टोकं लगेच स्वच्छ प्लास्टिक पिशवीनं झाका.

आता होस. कूलंट गरम असताना झाकण उघडू नका. दोन्ही होसना चिमटे लावा, खाली भांडं ठेवा आणि आधी सगळे विजेचे कनेक्टर झाकलेत याची खात्री करून मगच क्लॅम्प सैल करा. घट्ट बसलेला होस ओढून काढू नका. पिळून सोडवा, नाहीतर ॲल्युमिनियमची तोटी वाकते.

अर्थिंगची पट्टी शेवटी काढा. पेटी जड असते, काही मॉडेलमध्ये अवघडलेल्या जागेतून उचलावी लागते. दोघांनी उचला.

## टप्पा ५: उघडा, रिकामा करा, ठरवा

झाकण सीलंटनं चिकटलेलं असतं. ब्लेड आत खुपसू नका, कोपऱ्यातून पातळ प्लास्टिक पट्टीनं उचला. उघडताच वास घ्या आणि काजळी कुठे आहे ते बघा. पुष्कळदा नाकच जागा सांगतं.

मग हातमोजे घालून मोठ्या कपॅसिटरवरचा व्होल्टेज मोजा. १००० मायक्रोफॅरडवर ४०० व्होल्ट असले तर ८० ज्यूल साठलेले असतात. २.२ किलोओहमचा रेझिस्टर १५ सेकंद धरला की ते रिकामे होतात. पुन्हा मोजा. आउटपुटच्या बाजूचे कपॅसिटरही तसेच. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून "डिस्चार्ज" करणाऱ्यांच्या स्क्रूड्रायव्हरची टोकं मी पाहिली आहेत.

दुरुस्ती की बदली? पुढच्या चारपैकी काही दिसलं तर दुरुस्तीच्या नादी लागू नका, बदला: आत कूलंट शिरलेलं, बोर्डचे थर जळून कोळसा झालेले, सगळा भाग रेझिनमध्ये ओतून बंद केलेला, कंट्रोल बोर्डवरचा प्रोसेसर मेलेला. फ्यूज, प्रीचार्ज रेझिस्टर, रिले, ब्रिज, कपॅसिटर, एखाद-दुसरा ट्रान्झिस्टर, एवढ्यावर असेल तर दुरुस्ती शहाणपणाची. अनेकदा तीच जास्त टिकते, कारण भंगारातून आलेल्या चार्जरचे कपॅसिटर तुमच्या चार्जरइतकेच म्हातारे असतात.

## टप्पा ६: दुरुस्ती

वीज ज्या वाटेनं जाते त्याच वाटेनं तपासत चला. मध्येच सापडलेला एक जळका भाग बघून थांबू नका.

६.१ इनपुट फ्यूज आणि व्हॅरिस्टर (व्होल्टेजचा झटका शोषणारा भाग). फ्यूज सहसा स्वतःहून उडत नाही. तो ओपन असेल तर पुढे शॉर्ट आहे असं धरून चाला. व्हॅरिस्टर तडकलेला किंवा काळा असेल तर पुरवठ्यातून मोठा झटका आला होता.

६.२ प्रीचार्ज रेझिस्टर आणि त्याचा रिले. जुन्या चार्जरमधला हा सगळ्यात ओळखीचा बळी. गन लावल्यावर रिकाम्या कपॅसिटरकडे धावणारा करंट हा रेझिस्टर रोखतो; कपॅसिटर भरले की रिले त्याला बगल देतो. रिलेचे पॉइंट जळाले किंवा कॉइलला हुकूमच पोचला नाही, तर चार्जिंगचा सगळा करंट या छोट्या रेझिस्टरमधून जातो आणि तो उडतो. लोक रेझिस्टर बदलतात, रिले तसाच ठेवतात आणि पहिल्याच रात्री तो पुन्हा जातो. दोन्ही एकत्र बदला. आणि बदलण्याआधी पुढच्या भागात शॉर्ट नाही हे बघा, कारण शॉर्टनंही हाच रेझिस्टर जळतो. नवा रेझिस्टर तेवढ्याच ओहमचा आणि झटका सोसणारा वायरवाउंडच हवा.

६.३ ब्रिज रेक्टिफायर. डायोड मोडवर प्रत्येक डायोड एका दिशेला साधारण ०.४ ते ०.६ व्होल्ट, उलट दिशेला ओपन. शून्याजवळ आलं तर शॉर्ट.

६.४ पीएफसी आणि पुढचे ट्रान्झिस्टर. ड्रेन ते सोर्स दोन्ही दिशांनी जवळजवळ शून्य ओहम, म्हणजे गेला. समांतर जोडलेले असतील तर एक गेला तरी सगळे बदला, एकाच खेपेतले. गेटचा रेझिस्टर आणि ड्रायव्हर आयसीही तपासा. मॉसफेट (म्हणजे हाच ट्रान्झिस्टर) मरताना ड्रेनचा व्होल्टेज गेटवर येतो आणि ड्रायव्हरला सोबत घेऊन जातो. नवा मॉसफेट, जुना मेलेला ड्रायव्हर: सुरू करताक्षणी धडाम.

ट्रान्झिस्टर आणि हीटसिंकमधली इन्सुलेटर चकती फाटलेली नको. बसवल्यावर ड्रेन ते हीटसिंक मोजा. मीटरनं काहीच दाखवता कामा नये.

६.५ मोठे कपॅसिटर. फुगलेलं डोकं, तळाशी डाग, किंवा क्षमता लिहिलेल्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त घटलेली, तर बदला. नव्याचा व्होल्टेज तेवढाच किंवा जास्त, १०५ अंश सेल्सिअसचा, रिपल करंटही जुन्याइतका हवा, आणि उंची झाकणात मावणारी. ध्रुव उलटे लागले तर फुटतो. सोल्डर झाल्यावर सिलिकॉननं बुडाशी चिकटवा. मूळ कारखान्यानं चिकटवलेला असतो तो शोभेसाठी नाही. खड्ड्यांच्या हादऱ्यानं पायाचं सोल्डर तडकतं.

६.६ आउटपुट डायोड, आउटपुट फ्यूज, आतला छोटा वीजपुरवठा. शेवटच्याला लोक विसरतात. चार्जर कॅनवर (गाडीतल्या कंट्रोलरांची संदेशांची लाइन) बोलतच नसेल आणि १२ व्होल्ट पोचत असतील, तर कंट्रोल बोर्डच्या छोट्या सप्लायचे छोटे कपॅसिटर बघा.

सोल्डरिंगबद्दल एवढंच: जाड तांब्याच्या बोर्डवर नुसता मोठा सोल्डरिंग आयर्न दाबून धरला तर पॅड उखडतो. बोर्ड खालून आधी गरम करा. काम झाल्यावर फ्लक्स पूर्ण धुवा आणि निघालेलं संरक्षक लॅकर पुन्हा लावा.

टेबलावरची चाचणी. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधून, ६० ते १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब मालिकेत जोडून इनपुटला एसी द्या. बल्ब क्षणभर चमकून विझला तर इनपुट शॉर्ट नाही. सतत लख्ख पेटला तर लगेच बंद करा, शॉर्ट राहिला आहे. २३० व्होल्टवर कपॅसिटरला सुमारे ३२५ व्होल्ट दिसतील. चार्जर याहून पुढे जाणार नाही. बॅटरी आणि कॅनवरचे संदेश मिळाल्याशिवाय तो काम सुरू करत नाही. काही मॉडेलमध्ये इनपुटचा रिले आधीच उघडा असतो, तिथं बल्ब मुळीच चमकत नाही आणि ही चाचणी काही सांगत नाही.

> सावध: या चाचणीनंतर कपॅसिटर पुन्हा भरलेले आहेत. पुन्हा मोजा, रिकामे करा, पुन्हा मोजा.

## टप्पा ७: बसवण्यापूर्वी आणि बसवताना

झाकण नव्या सीलंटनं किंवा गॅस्केटनं बंद करा. कूलंटच्या वाटेत हलका हवेचा दाब देऊन तोटी बंद करा आणि गेज पंधरा मिनिटं हलत नाही हे बघा. दाब मॅन्युअलच्या मर्यादेत. पेटी पाण्यात बुडवून बुडबुडे बघण्याचा प्रयोग करू नका.

मग इन्सुलेशन. चार्जरच्या डीसी बाजूचे धन आणि ऋण एकत्र जोडून, त्यांच्यात आणि पेटीच्या धातूत ५०० व्होल्टनं मोजा. धन आणि ऋणच्या मध्ये टेस्टर कधीच लावू नका, आतले भाग मरतील. चांगल्या चार्जरला कित्येक मेगाओहम येतात. नियमांमधली ५०० ओहम प्रति व्होल्टची पातळी म्हणजे ४०० व्होल्टच्या गाडीला फक्त २०० किलोओहम. ती किमान मर्यादा आहे. वाचन तिच्या जवळपास आलं तरी मी तो चार्जर बसवत नाही. एसी बाजूला झटका शोषणारे भाग असल्यानं ५०० व्होल्टवर वाचन फसवं येऊ शकतं. तिथं मॅन्युअल सांगेल तसं.

बसवण्याचा क्रम काढण्याच्या उलट: आधी अर्थिंगची पट्टी, तिच्याखालचा रंग आणि गंज खरवडून. पेटी ते बॉडी रोध ०.१ ओहमच्या आत हवा. मग माउंटिंग बोल्ट टॉर्कवर, मग होस, मग कूलंट. विजेचे कनेक्टर लावण्याआधी कूलंट भरून गळती बघा. सर्वांत शेवटी नारिंगी कनेक्टर. खटका पूर्ण बसल्याचा आवाज ऐका आणि हलकेच मागे ओढून बघा.

हवा काढणं हा कंटाळवाणा भाग आहे आणि म्हणूनच अर्धवट सोडला जातो. पंप सर्व्हिस मोडमध्ये चालवावा लागतो, त्यामुळे पूर्ण हवा १२ व्होल्ट जोडल्यावरच निघते. टाकीतली पातळी दोन-तीन वेळा खाली जाईल, भरत रहा.

## टप्पा ८: जिवंत करा आणि पहिलं चार्जिंग

1. सगळी झाकणं लावा. काहींना इंटरलॉक असतो, एक झाकण उघडं राहिलं तरी गाडी सुरू होत नाही आणि तुम्ही नव्या चार्जरला दोष देता.
2. सर्व्हिस प्लग, मग १२ व्होल्टची ऋण तार.
3. कोड वाचा. जुने कोड आत्ता पुसा. कोडिंग लागत असेल तर आत्ताच.
4. कूलंटचा पंप चालवून उरलेली हवा काढा.
5. गाडी "रेडी"मध्ये आणून १२ व्होल्टच्या बॅटरीवर मोजा. १३ ते १४.५ व्होल्ट दिसले तर डीसी-डीसी कन्व्हर्टर चालू आहे. चार्जर आणि कन्व्हर्टर एकाच पेटीत असतील तर हे विसरू नका.
6. पहिलं चार्जिंग सर्वांत कमी करंटवर, ६ अँपिअर, म्हणजे २३० व्होल्टवर सुमारे १.४ किलोवॉट. दहा मिनिटं जवळ उभे रहा. वास, आवाज, गळती.
7. मग १६ अँपिअरवर, सुमारे ३.७ किलोवॉट, किमान पाऊण तास. दर दहा मिनिटांनी सॉकेट, गन आणि होसचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरनं बघा. एकच पिन बाकीच्यांपेक्षा तापत असेल तर थांबा, पहिल्या टप्प्यातल्या मुद्दा १.४ वर (गाडीवरचं सॉकेट) परत जा.

आरसीसीबी पडला तर त्याला बगल देऊन "एकदा बघू" म्हणायचं नाही. तो पडतोय म्हणजे गळती खरी आहे, आणि गाडीची बॉडी हाताशी आहे.

पहिली पूर्ण रात्र घराला न जोडलेल्या, मोकळ्या जागी काढा. आठवड्यानं कूलंटची पातळी थंड असताना पुन्हा बघा, अर्थिंगच्या बोल्टवर टॉर्क पान्हा एकदा फिरवा आणि कोड वाचा. काढलेला चार्जर टाकून देऊ नका. त्याचे कपॅसिटर रिकामे करा, तारीख आणि दोष लिहिलेली चिठ्ठी चिकटवा आणि ठेवून द्या. त्यातला रिले किंवा कनेक्टर पुढे कधीतरी लागतोच.